पंधरा पडायला हवे होते

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी वडगावात आक्काच्या घरी जमायचो. खाली तिच्या वडिलांचे चार यंत्रमाग होते. रविवारी ते बंद असायचे, त्यामुळं एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. वरच्या खोलीत सुताच्या कोनांची पोती, मागाचे जुने सुटे भाग आणि मधोमध एक लांब टेबल. त्या टेबलावर आम्ही माणसं मारायचो.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा खोलीतल्या सोबत्यानं मला हा खेळ शिकवला होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी तिरंदाज. एकानं गोष्ट चालवायची, म्हणजे पुढं घाट आहे, झाडीत कोण लपलंय, तो काय म्हणतो, ते सांगायचं. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलायचं. मारामारी आली की मात्र नुसतं तोंडानं सांगून भागत नाही, फासा टाकावा लागतो. वीस बाजूंचा फासा. समोरच्याचं चिलखत जितकं जाड तितका मोठा आकडा पडायला हवा. पडला तर घाव लागला, नाहीतर चुकला. किती पडायला हवेत हे फक्त गोष्ट चालवणाऱ्याला ठाऊक असतं. आमच्यात गोष्ट मी चालवायचो. तिघंही मला मास्तर म्हणायचे.

पुण्याहून परतल्यावर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी तपासणीला लागलो. ओतून आलेला भाग मापात आहे का बघायचं, नसेल तर लाल खूण करून बाजूला टाकायचा. बारा वर्षं हेच करतोय. मापात नसलेला भाग मी कुणाच्या सांगण्यावरून पास केलेला नाही आणि त्याचा मला गर्व होता. पुढं जे झालं त्यात या गर्वाचाही वाटा आहे, म्हणून सांगून ठेवतो.

पैलवान त्याच फौंड्रीत, ओतलेल्या भागांच्या कडा घासायच्या कामावर होता. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज मोटरसायकलवर यायचा. घरी भातशेती आणि थोडी काजूची झाडं. विशीत असताना जत्रांतल्या आखाड्यात उतरायचा. एका कुस्तीत उजवा गुडघा फिरला आणि ते सुटलं, पण नाव पैलवानच राहिलं. मान अजून तशीच, खांद्यात बुडालेली. तिसरा माझा कॉलेजातला मित्र, बोरगावचा. निपाणीत त्याचं बी-बियाण्याचं दुकान. जैन घरातला, घरात कांदा-लसूण येत नाही, पायाखाली मुंगी येईल म्हणून बघून चालणारा माणूस, आणि खेळात त्याच्याइतका निर्दय कोणी नव्हता. शरण आलेल्याला तो आधी माहिती विचारायचा आणि मग भाल्यानं भोसकायचा. आक्का बँकेत नोकरीला. वयानं आम्हा तिघांपेक्षा लहान, पण तिच्या घरी सगळे तिला आक्का म्हणत, म्हणून आम्हीही. ती तिरंदाज होती. कमी बोलायची आणि तिचा बाण सहसा चुकायचा नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर पैलवान आठ-दहा दिवस कामावर आला नाही. आला तेव्हा डाव्या डोळ्याखाली निळं-पिवळं झालं होतं आणि श्वास घेताना तो बरगडी धरायचा. गाडीवरून पडलो म्हणाला. महिनाभरानं, चहाच्या सुट्टीत, वाळूच्या ढिगामागं आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा त्यानं खरं सांगितलं. बायकोला घेऊन तो निपाणीकडं तिच्या माहेरी चालला होता. तवंदीच्या घाटाखाली एका मोटारीनं त्याला कट मारला. तो ओरडला. मोटार पुढं जाऊन थांबली.

"तिघं उतरले," तो म्हणाला. "एकाच्या हातात जॅकचा दांडा. मी गाडी स्टँडला लावायच्या आत पहिला फटका बसला."

"मग?"

"मी तीन हात टाकले. एकबी लागला न्हाय." चहाचा कप त्यानं दोन्ही तळव्यांत धरला होता. "कुस्तीत माणूस हातात येतंय रं. धरायला मिळतंय. हे हातात येतच न्हवते. मारायचे अन् मागं सरायचे. मग गुडघा गेला. खाली बसलो. मग लाथा."

"अन् वैनी?"

"ती मधी पडली. तिला एकानं केसाला धरून बाजूला बसवलं. ढकललं न्हाय, बसवलं. पोराला बसवत्यात तसं. मी खालनं बघत हुतो."

मोटारीचा नंबर बघायचा राहून गेला होता. तक्रार केली नव्हती. हे कुणाला सांगू नकोस, असंही तो म्हणाला नाही. कप खाली ठेवला आणि उठून कामाला गेला.

संध्याकाळी मी घरी जाऊन वही उघडली. माझ्या डोक्यात आलं की याला तीन माणसं द्यावीत. घाटाखाली, रस्त्यावर. वाटसरूंना अडवून मारणारी, बायकांना केसाला धरणारी. आणि यानं त्यांना हवं तसं तुडवावं. हे मी प्रेमानं केलं, यात मला आजही शंका नाही. पण मी मास्तर होतो. सोपी कुस्ती बघायला कोण बसतंय, असं म्हणून मी त्या तिघांतल्या म्होरक्याला जाड चिलखत घातलं. पैलवानाच्या पात्राला त्याच्यावर घाव घालायचा तर फाशावर पंधरा किंवा त्यावर पडायला हवे होते. वीस बाजूंपैकी सहा बाजू. बाकीचे दोघं हलके ठेवले, त्यांना नऊ-दहा पुरे होते. सगळं वहीत शाईनं लिहिलं.

तो रविवार फेब्रुवारीतला. दुपारी दोनला बसलो. मी गोष्ट सुरू केली. घाटाचं शेवटचं वळण, खाली रस्ता, रस्त्यावर एक म्हातारा वाटसरू आडवा पडलेला, आणि त्याच्या लेकीला केसाला धरून ओढणारे तिघं घोडेस्वार. पैलवानानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं. त्याला कळलं होतं.

"म्होरक्या माझा," तो म्हणाला. "त्याला कुणी हात लावायचा न्हाय."

तो उभा राहूनच खेळायला लागला. त्याचं पात्र गदा घेऊन लढायचं. पहिली पाळी त्याची. फासा टाकला, अकरा.

"चुकला," मी म्हणालो.

आक्काचा पहिला बाण एका स्वाराच्या गळ्यात आरपार गेला. तो घोड्यावरून मागं कलंडला, पाय रिकिबीत अडकला आणि घोडं त्याला दगडांवरून फरफटत घेऊन गेलं. मी हे सगळं रंगवून सांगितलं, डोकं कसं आपटत गेलं तेसुद्धा. घाव लागला की मी असाच सांगायचो. बोरगावच्यानं दुसऱ्याच्या मांडीत भाला घुसवून त्याला खाली ओढलं.

पैलवानाची पाळी. तेरा.

"चुकला."

म्होरक्यानं त्याच्या खांद्यावर तलवार घातली. रक्त. मग सहा. चुकला. मग चौदा.

"चौदालाबी न्हाय?"

"न्हाय."

पंधराचे चौदा करायला मला पेन्सिलसुद्धा उचलावी लागली नसती. आकडा कुणी बघितला नव्हता. नुसतं "लागला" म्हणायचं होतं. एकानंच गेलं होतं, आणि एकानं मापाबाहेर गेलेला भाग मी रोज बाजूला टाकत होतो. माझा हात तसाच वळलेला. मी म्हणालो, "पुढची पाळी आक्काची."

पाळी फिरून त्याच्याकडं यायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. तेवढा वेळ आक्का आणि बोरगावचा मारत होते, त्यांचे घाव लागत होते, त्यांची मी वर्णनं करत होतो. त्याच्यासाठी माझ्याकडं एकच शब्द होता. हा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना ते ठाऊक असतं. घाव चुकला की गोष्टीत काहीच घडत नाही. तुम्ही नव्हताच, असं होतं.

पाचव्यांदा आठ पडले. तोवर बोरगावच्यानं आपला माणूस फणसाच्या झाडाला भाल्यानं खिळवला होता. दोघांनी पैलवानाच्या मदतीला यायचं म्हटलं. "न्हाय म्हटलंय न्हवं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो फासा मुठीत फार वेळ धरायला लागला होता.

सहाव्यांदा एक पडला.

आमच्या नियमात एक पडला की आपलंच हत्यार आपल्यावर उलटायचं. कुठं लागलं ते मास्तरनं सांगायचं. माझ्या तोंडात ते कुठून आलं मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "गदा हातातनं निसटून तुझ्याच गुडघ्यावर आली. तू खाली बसलास."

बोरगावचा हसला. त्याला रस्त्यावरची गोष्ट माहीत नव्हती. खेळात एक पडला की आम्ही सगळेच हसायचो.

सातव्यांदा पुन्हा चौदा. मी चुकला म्हणालो. आठव्यांदा बारा. मी चुकला म्हणालो. मग म्होरक्याची पाळी. त्याच्यासाठी मी फासा टाकला, एकोणीस पडले. खाली बसलेल्या माणसाच्या मानेवर घाव बसला. पैलवानाच्या पात्रात तेवढा जीव उरला नव्हता.

"मी मेलो?" त्यानं विचारलं.

"व्हय."

त्यानं फासा टेबलावर हळूच ठेवला. टेबलाला वळसा घालून तो माझ्याकडं आला. मला वाटलं, पाणी प्यायला चाललाय, माठ माझ्या मागं होता. त्यानं माझा उजवा हात धरला, पाठ माझ्याकडं केली, आणि मी त्याच्या खांद्यावरून गेलो. धोबीपछाड. फरशीवर आधी डावा खांदा आपटला. आतून वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला आणि तो माझ्याच अंगातला आहे हे कळायला एक क्षण गेला. मग पैलवान छातीवर बसला. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा करून त्यानं माझ्या गळ्यावर ठेवला आणि अंगाचं वजन त्यावर टाकत गेला. शिवी नाही, ओरडणं नाही. तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. तो माझ्याकडं बघत होता, पण मला बघत नव्हता.

बोरगावच्यानं त्याला मागून काखेत धरून ओढलं. पैलवानानं मागं न बघता कोपर मारलं. बोरगावच्याचा वरचा पुढचा दात तिथंच पडला आणि तो तोंड धरून पोत्यांवर बसला. मला छताचा पंखा दिसत होता आणि त्याच्या कडा काळ्या होत चालल्या होत्या.

आक्कानं कोपऱ्यातल्या सुट्या भागांतून एक जुना धोटा उचलला. यंत्रमागाचा धोटा म्हणजे वीतभराहून मोठा लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. तिनं तो दोन्ही हातांत धरून पैलवानाच्या डाव्या कानाच्या वर मारला. मग पुन्हा मारला. मग पुन्हा. तिसऱ्या फटक्याला तो माझ्यावरून बाजूला कलंडला. त्याचं रक्त माझ्या शर्टावर आणि टेबलावरून पडलेल्या खेळाच्या नकाशावर सांडलं.

पैलवान उठून बसला. कानाला हात लावून बघितला. मग माझ्याकडं बघितलं, या वेळी मला. "तुझा खांदा खाली उतरलाय," तो म्हणाला. "हलवू नको."

बोरगावच्याच्या मोटारीतून आम्ही दवाखान्यात गेलो. आक्का चालवत होती. पैलवान तिच्या शेजारी, डोक्याला तिचीच ओढणी गुंडाळलेली. मागं आम्ही दोघं. बोरगावच्यानं पडलेला दात रुमालात घेतला होता. वाटेत पैलवानानं दोनदा मागं वळून माझा खांदा बघितला.

तपासणाऱ्या डॉक्टरला बोरगावच्यानं सांगितलं की आम्ही जिन्यावरून पडलो. डॉक्टरनं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, तिघंही एकाच जिन्यावरून? तासाभरानं एक हवालदार आला. तो कन्नडमधून विचारत होता, आक्का कन्नडमधून उत्तरं देत होती. काय चाललं होतं? आट, ती म्हणाली, खेळ. कसला? फाशांचा. हवालदाराची मान वर झाली. फासे म्हटल्यावर त्याला जुगारच सुचला, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आक्कानं पर्समधून तो वीस बाजूंचा फासा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. मग तिनं सरळ सांगितलं, यानं त्याला आपटलं, त्याला सोडवायला मी याच्या डोक्यात मारलं. माझी काही तक्रार नाही असं मी लिहून दिलं. डाव्या हातानं कागद धरता येईना, तो पैलवानानं धरला.

माझं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात गळ्यात. पैलवानाला टाके पडले, आणि डाव्या कानानं कमी ऐकू येऊ लागलं. तो कामावर यायचा, पण जेवायला आमच्या बाजूला यायचा नाही. माझ्या टेबलावर त्याच्या हातचे घासलेले भाग यायचे. सगळे मापात.

आक्का मला बघायला घरी आली. ती दुसऱ्याच काळजीत होती.

"पहिल्या फटक्यालाच त्याचा हात सैल झालता," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. मग दुसरा अन् तिसरा मी का मारला?"

"घाबरली होतीस."

"न्हाय. दुसरा मारताना मी घाबरले न्हवते." तिनं बशीतलं बिस्किट मोडून तसंच ठेवलं. "मास्तर, तो नीट बसला. लागला. मला ते कळलं अन् मला तिसरा मारावासा वाटला."

चहा झाल्यावर ती गेली.

हात गळ्यातून सुटायच्या सुमारास एका दुपारी पैलवानाची बायको माझ्या घरी आली. एकटी, एसटीनं. मी तिला एक-दोनदाच बघितलं होतं. माझ्या बायकोनं पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"भावजी," ती म्हणाली, "त्या तिघांस्नी खेळात घालू का म्हणून तुमी त्यास्नी इचारलं हुतं काय?"

"नाही. त्याला बरं वाटावं म्हणून..."

"ते ठावं हाय मला. तुमच्या मनात वाईट न्हवतं. पर मार त्यांनी खाल्ला. केस माझं धरलं. ते तुमी वहीत लिवलं."

मी खाली बघितलं.

"अन् परत तेच हरलं," ती म्हणाली. "घरी येऊन मला म्हणत्यात, दुसऱ्यांदाबी एक हात लागला न्हाय. मला आधी कळंनाच कशाबद्दल बोलाल्यात."

ती भांडायला आली नव्हती. माझं हाड जुळलं का ते बघायला आणि हे सांगायला आली होती. पाणी पिऊन, पुढच्या गाडीची वेळ विचारून ती उठली. मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. तिथं मी माफी मागितली. तिनं मान हलवली. गाडी आली.

मे महिन्यात मी त्याच्या गावी गेलो. तो घरामागच्या झाडांखाली बसून काजूची बोंडं पिळून बिया वेगळ्या करत होता. हात रसानं काळे झालेले. मी डाव्या बाजूला बसायला गेलो तर म्हणाला, "उजवीकडं बस. हिकडनं शिट्टी वाजल्यागत वाजतंय नुसतं."

मी उजवीकडं बसलो. बोंडं पुढं सरकवायला लागलो.

"हाड?"

"जुळलं. गाठ राहिलीय."

बराच वेळ आम्ही बियाच काढल्या. मग त्यानं विचारलं, "त्या म्होरक्याला किती पाहिजे हुते?"

"पंधरा."

"म्हंजे दोनदा एकानं गेलं."

"व्हय."

"आधी सांगितलं असतंस तर मी त्याला भिडलोच नसतो. आक्काला म्हटलं असतं, तू मार, मी दुसऱ्याला बघतो. कुस्तीला उतरायच्या आधी समोरचा केवढा हाय ते दिसतंय रं. तू काय दिसू दिलं न्हाईस. मी मारालोय, तू चुकला म्हणालास. का चुकला ते तुलाच ठावं."

"मी एका शब्दात तुझा घाव लावू शकलो असतो," मी म्हणालो. हे मला त्याला सांगायचंच होतं, त्यासाठीच मी आलो होतो. "आकडा कुणाला दिसत नव्हता. चौदाला लागला म्हटलं असतं तर झालं असतं."

"मग कळलं असतं मला," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर दिसतंय."

मग त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. एप्रिलमध्ये निपाणीत, रसवंतीच्या बाकावर, त्याला त्या तिघांतला एक बसलेला दिसला. ज्यानं बायकोला बसवलं होतं तो. हा त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्या माणसानं सरकून जागा दिली.

"मी त्याचं मनगट धरलं," पैलवान सांगत होता. "या वेळी हातात आलं. पिरगाळलं. तो वराडला, कोण तुमी, कोण तुमी म्हणाला. मी घाटाखालचं सांगितलं. त्याला काय बी आठवंना. मी अजून पिरगाळलं. मोडलं ते. आवाज आला, तुझ्या हाडाचा आला तसा. तो रडायला लागला. लोक जमायच्या आत मी गाडीवर बसलो."

"मग?"

"मग काय. घरी येऊन हात धुतलं, जेवाय बसलो. अन् आता तर," त्यानं एक बोंड पिळलं, बी बाजूला टाकली, "तोच हुता काय, तेबी खात्रीनं सांगाय येत न्हाय."

त्याची बायको परसातून भांडी घेऊन आत गेली. तिनं हे ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. जेवून मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

पाऊस संपल्यावर आम्ही पुन्हा बसायला लागलो. बोरगावचा आला नाही. त्याच्या दुकानात मी जाऊन आलो. दात बसवून घेतलाय, बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसतो. रागावलेला नव्हता. नंतर त्याला घाटाखालचं कळलं होतं. पैलवानानं स्वतःच फोन करून सांगितलं होतं. "मी हसलो रे," एवढंच तो म्हणाला, आणि बियाण्याचं पाकीट मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडं वळला.

पैलवान पहिल्यांदा परत वडगावात आला तेव्हा आक्का जिन्यावरच उभी होती. मी खाली होतो. ती म्हणाली, दुसरा आणि तिसरा फटका मारायला नको होता. तो म्हणाला, तिसरा मला आठवतच न्हाय. मग दोघं वर गेले.

आता मी आकडे टेबलावर उघडे ठेवतो. समोरचा आला की आधी सांगतो, याला तुला बारा लागतील, याला सतरा. आणि घाव चुकला तरी नुसतं चुकला म्हणत नाही. ढालीवर बसला, समोरचा दोन पावलं मागं सरकला, त्याचा श्वास लागला, असं काहीतरी खरोखर घडवतो, पुढच्याला त्याचा फायदा होईल असं. त्याला वेळ लागतो. एका लढाईला दोन रविवार जातात. मारामारी आधीइतकीच रक्ताची असते, ती कमी करा असं कुणी म्हटलेलं नाही. रस्त्यावर कुणाला अडवण्याची गोष्ट मात्र मी आणत नाही.

पैलवान अजून चुकतो. फासा त्याला आजही फारसा साथ देत नाही. सलग तीन-चार वेळा चुकलं की तो उठतो, खाली जातो आणि बंद मागांच्या मधे जाऊन उभा राहतो. आम्ही त्याच्या मागं जात नाही, त्याला हाकही मारत नाही. आक्का आपली पाळी मुद्दाम हळू खेळते. बहुतेक वेळा त्याची पाळी यायच्या आत जिन्यावर त्याची पावलं वाजतात. गेल्या महिन्यात एकदा वाजली नाहीत. थोडा वेळ बसून आम्ही वह्या मिटल्या, खिडकीतून बघितलं तर त्याची गाडी गेलेली होती. सोमवारी कामावर तो आला, डबा घेऊन माझ्या बाजूला बसला, आणि शेतात भात यंदा कसा पिकलाय ते सांगत राहिला.